अमेरिकेचा उपास

"गाव सांगा मालक," पुंजाजी गुरव म्हणाला. "नवस बोलताना देवीले गाव सांगावं लागते. नाही तर ती बिचारी जाईल कोठी?"

यादवराव देशमुखांनी नारळ दोन्ही हातांत धरला होता. ते जरा अडखळले. मग म्हणाले, "अमेरिका."

"परगना?"

देशमुखांनी मागे वळून लालजीशेटकडे पाहिलं. लालजीशेट मुंबईचा कापसाचा दलाल, दरवर्षी दसऱ्याच्या सुमारास आमच्या निंबखेडला यायचा. त्याने हात हवेत लांबवर फिरवला. "परगणा-बिरगणा काय नाय. दर्याच्या पलीकडे आहे. लई लांब."

गुरवाने कपाळाला आठ्या घातल्या. "आमची जाखमाता आजपर्यंत पूर्णेच्या पलीकडं गेली नाही, शेट. त्या काठाची देवी निराळी हाय."

"कापूस जातो ना समुद्रापलीकडे?" देशमुख खेकसले. "मग देवीला जायला काय धाड भरली?"

देशमुखांनी डोळे मिटले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात नवस बोलले. "जाखमाते, अमेरिकेत लढाई चालली आहे ती थांबू देऊ नकोस. निदान माझ्या गोजराचं लग्न पार पडेपर्यंत तरी नाहीच नाही. या नवसापायी दर मंगळवारी आमच्या घरातून कडकडीत उपास होईल." एवढं बोलून त्यांनी मान न वळवता अंगठा मागे केला. त्या अंगठ्यासमोर पूजेचं ताट घेऊन मी उभी होते.

मला तेव्हा सोळावं लागलं असेल. नाव मैना, पण गढीत सगळे मैनी म्हणत. मी बटीक, माझी माय भागी हीसुद्धा बटीकच. तिच्या आईला कुठल्याशा दुष्काळात कुणीतरी गढीत आणून सोडलं होतं आणि जाताना पदरात ज्वारी बांधून घेतली होती. माणूस विकायला-घ्यायला सरकारने केव्हाच बंदी केली होती, असं मला पुष्कळ पुढे कळलं. आमच्या गढीत कायदा काही पोचला नव्हता. पोचला असता तरी आईसाहेबांनी, म्हणजे मालकांच्या बायकोने, त्याला आधी विहिरीवर पाणी भरायला धाडलं असतं.

देशमुखांच्या घरी नवस फार, आणि नवस फेडायची रीतही मोठी सोयीची. बोलायचं मालकांनी आणि फेडायचं आम्ही. थोरल्या धनीसाहेबांना, म्हणजे मालकांच्या वडिलांना, अंगावर देवी आल्या तेव्हा आईसाहेबांनी लोटांगणाचा नवस केला होता. भर चैत्रात गढीपासून जाखमातेच्या टेकडीपर्यंत लोटांगण घातलं ते माझ्या मायने. आईसाहेब शेजारून छत्री धरून चालत होत्या. छत्री अर्थातच स्वतःवर. गावात मात्र सगळे म्हणाले, आईसाहेबांची भक्ती मोठी. यात कुणाला काही वावगं वाटत नसे, मायलाही नाही. "देवीले समजते कोनासाठी केलं ते," ती म्हणायची.

तर मंगळवार माझ्या वाट्याला आला. मालकांनी मंगळवार घेतला म्हणताना आईसाहेबांनी हट्टाने शुक्रवार घेतला, म्हणजे तो मायच्या वाट्याला गेला.

आता तुम्ही म्हणाल, वऱ्हाडातल्या देशमुखाला अमेरिकेतल्या लढाईशी काय देणंघेणं? आम्हालाही पहिल्यांदा समजलं नव्हतं. लालजीशेटने ते ओसरीवर बसून, पान चघळत समजावून सांगितलं होतं. विलायतेतल्या गिरण्या अमेरिकेच्या कापसावर चालायच्या. तिथे आपसांत लढाई जुंपली, बंदरं बंद पडली, कापूस अडकला. मग साहेबाला वऱ्हाडची आठवण झाली आणि आमचा कापूस एकाएकी सोन्याच्या मोलाला गेला. देशमुखांनी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवल्या. ज्या घोड्यावर बसायची त्यांची हिंमत नव्हती, असा एक काठेवाडी घोडा आणून दारात बांधला. आणि गोजराचं लग्न असं करायचं ठरवलं, की बाळापूर ते खामगाव लोकांनी तोंडात बोट घालावं.

लग्न ज्येष्ठात होतं. सासर दूर, बऱ्हाणपुराकडचं, बैलगाडीने कितीतरी मजलांवर. आंदणात काय काय द्यायचं ते आईसाहेब येईल त्या पाहुणीला मोठ्या कौतुकाने सांगत. तांब्यापितळेची भांडी, दुभती गाय, पाळणा, आणि मैनी.

मला त्याचं काही नवल वाटलं नाही. बटकीला आंदणात देतात हे मला ठाऊक होतं. गोजराही वाईट नव्हती. अकरा वर्षांची पोर, झोपताना अजून माझा पदर मुठीत धरायची. पण माय इथे राहणार होती. बऱ्हाणपुराकडे गेलेली बटीक माघारी आल्याचं गढीत कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

"माय, तू काही बोलत काहून नाहीस?" मी एकदा तिला विचारलं. ती पुरण वाटत होती. मायच्या हातच्या पुरणपोळीसाठी मामलेदारसुद्धा वाट वाकडी करून गढीवर यायचे.

"गोजरा चांगली पोर हाय," ती पाट्यावरून मान वर न करता म्हणाली. "मारनार नाही तुले."

"आन् तू इथं एकटी?"

"जास्तीचं बोलू नको. आज मंगयवार हाय, बोलून बोलून तहान लागंल."

असा मला राग आला! लढाई चालली म्हणजे कापसाला भाव, भाव म्हणजे लग्न, आणि लग्न म्हणजे मी गाडीत गाईच्या मागे. म्हणजे आपल्यालाच आंदणात द्यावं म्हणून मी दर आठवड्याला उपाशी मरत होते. आणि माझी मायसुद्धा शुक्रवारी त्याचसाठी तोंड बांधून बसत होती. जगात इतका येडपट उपास कुणी केला नसेल.

माघात कापूस गाड्यांत भरायला लालजीशेटची माणसं आली. त्यांचा मुकादम होता इसाकभाई, रत्नागिरीकडचा, आधीचा खलाशी. दाढी पांढरी, पाय किंचित फाकवून चालायचा, जमीन केव्हा हलेल याचा अजून भरवसा नसल्यासारखा. विहिरीजवळच्या चिंचेखाली त्याने आपली चूल मांडली होती. गढीतून कुणी त्याच्याकडे फिरकत नसे, कारण तो सुकट भाजायचा आणि तिचा वास सरळ देवघरापर्यंत जायचा.

त्या मंगळवारी घागर ओढता ओढता माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी तिथेच मटकन बसले.

"अगो पोरी, काय झाला?" इसाकभाई धावत आला. हात लावावा की नाही या विचारात तो दोन पावलांवरच थांबला. "जेवलीस नाय?"

"उपास हाय."

"कसलो?"

"अमेरिकेतली लढाई थांबू नये म्हनून."

त्याने मला पुन्हा सांगायला लावलं. मग जो हसायला लागला तो थांबेचना. दाढी हलली, पोट हललं, डोळ्यांतून पाणी आलं, शेवटी त्याला चिंचेच्या बुंध्याला टेकून उभं राहावं लागलं. मीही हसले. पोटात काही नसलं की हसणंसुद्धा दुखतं. मग त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. माझं लुगडं, माझे पाय, कडेला पडलेली घागर. त्याचं हसू हळूहळू ओसरलं.

"तू या घराची कोण?" त्याने विचारलं.

"बटीक."

"हं." तो चुलीजवळ जाऊन बसला. जरा वेळाने म्हणाला, "लढाई कशावरून लागली, तुका सांगितला कोणी?"

"कापसावरून."

"कापसावरून नाय. कापूस वेचणाऱ्यांवरून."

मग त्याने सांगितलं. तो जहाजावर असताना विलायतेच्या बंदरात त्याची एका हबशी खलाशाशी दोस्ती झाली होती. 'जो' हे त्याचं नाव. अमेरिकेतून पळून आलेला. तिथे कापूस वेचतात ते सगळे असेच हबशी, विकत घेतलेले. त्यांची पोरंही मालकाची, पोरांची पोरंही मालकाची. अर्ध्या मुलखाचं म्हणणं, हे असंच चालायचं. बाकीच्या अर्ध्याचं म्हणणं, आता बस झालं. बोलून मिटलं नाही तेव्हा बंदुका निघाल्या.

"त्या जोला आम्ही विचारलं, तुझी आई कुठं असते? तर नुसतो हात करायचो, असो, दर्याकडे," इसाकभाई म्हणाला. "तो एवढो असताना मालकाच्या मुलीचा लगीन झाला. पोरगी नांदायला दूर गेली, तिच्याबरोबर याची आई दिली. भांड्याकुंड्यांसारखी."

"आंदन," मी म्हणाले.

"हां, तुम्ही म्हणता तसला आंदण."

मी विचारलं, "म्हंजे त्यायच्यातही बटकी असतात?"

"असतात. म्हणून तर लढाई. सोडवणारे जिंकतील तेव्हाच ती सरायची." त्याने काटकीने निखारे सारखे केले. "आणि तू ती थांबू नये म्हणून उपाशी."

तव्यावर त्याची भाकरी होती, तांदळाची, पांढरीशुभ्र. शेजारी पळसाच्या पानावर भाजलेली सुकट. मी हात पुढे केला.

तो दचकला. "अगो, उपास आहे ना तुझो?"

"हाय. म्हनूनच द्या."

"माझ्या हातचा? गावात कळला तर?"

"द्या म्हनलं ना."

त्या एका भाकरीत मी काय काय बुडवलं हे मला पक्कं ठाऊक होतं. उपास बुडवला, जात बुडवली, गढीचं पुण्य बुडवलं. आणि खरं सांगते, सुकट पहिल्या घासाला घाणेरडी लागली, दुसऱ्याला बरी, आणि मग मी पळसाचं पानसुद्धा बोटाने पुसून घेतलं. टेकडी समोरच होती. मी तिकडे तोंड करून मनात म्हटलं, जाखमाते, मालकाचं ऐकू नको. तिकडच्या कापूस वेचणारीला सोडव. माझ्याजवळ नारळ नाही, खण नाही, पण दर मंगळवारी मी तुझ्या नावाने एक भाकर खाईन. उपासाचे नवस सगळेच करतात. जेवणाचा नवस करणारी मी एकटीच असेन. पण देवीला बदल म्हणून आवडेल असं वाटलं.

इसाकभाई चार दिवसांनी गाड्यांबरोबर गेला. मी मात्र नवस इमानाने पाळला. मंगळवारी भाकरी चोरून ठेवायची आणि विहिरीच्या आड बसून ठेच्याशी खायची. माझे गाल वर आले. आईसाहेब म्हणाल्या, बघा, उपासाचं तेज कसं असतं.

माय फसली नाही. एका मंगळवारी तिने माझी हनुवटी धरली. "तोंडाले वास कायचा येते व?"

"कायचाच नाही."

"मैने, देवीच्या उपासाशी खेयू नको. अंगावर येते ते." माय देवीला खरंच भ्यायची. रस्त्यात दगडाला शेंदूर दिसला तरी थांबून हात जोडायची. मी म्हटलं, "तुह्या शुक्रवारी तू उपाशी राय. मले नको सांगू." नंतर मात्र भाकरी मोजून ठेवायचं काम आपल्याकडे असूनही तिने मंगळवारी कधी टोपल्यात डोकावून पाहिलं नाही. त्या वेळी मला वाटलं, म्हातारी विसरत चालली.

वैशाख उतरणीला लागला होता. गढीत मांडवाचे खांब येऊन पडले होते. देशमुखांनी भाव आणखी चढेल म्हणून अर्धाअधिक कापूस विकलाच नव्हता. कापसाचे बोरे आढ्यापर्यंत रचले होते, पाहुण्यांना झोपायला जागा उरली नव्हती. अशा एका दुपारी लालजीशेट आला. पागोटं वाकडं, गाल आत गेलेले, पान नाही. ओसरीवर बसला आणि पाणी मागितलं. देशमुख म्हणाले, "काय हो शेट, भाव काय म्हणतो?"

"यादवराव," तो म्हणाला, "लढाई खलास."

पुढचं मी दाराआडून ऐकलं. तिकडचे कापूसवाले मालक हरले, बंदरं आता उघडणार, तुम्हाला कापूस विकून टाका म्हटलं होतं, आता कोण घेतो, मुंबईत बड्या बड्या पेढ्या बसल्या, लोक तोंड लपवून हिंडतायत. देशमुखांचा चेहरा पांढराफटक पडला होता. मी मात्र न्हाणीघरात जाऊन तोंडात पदर कोंबला आणि नाचले. अगदी खरोखर नाचले. मग नाचता नाचता एकदम रडू आलं. इसाकभाईचा तो 'जो' कुठे असेल, त्याची आई कुठे असेल, तिला कुणी सांगितलं असेल का, असं मनात आलं.

देशमुखांचा राग आधी लालजीशेटवर निघाला, मग घोड्यावर, आणि शेवटी देवीवर. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गाव घेऊन टेकडीवर गेले. "काय रे गुरवा," ते गरजले, "तुझी देवी झोपली होती का?"

पुंजाजी गुरवाचं पोट देवीवर. तो काही उगाच पन्नास वर्षं गुरव राहिला नव्हता. त्याने घंटा वाजवली, डोळे मिटले, उघडले, आणि शांतपणे म्हणाला, "देवी चुकत नाही, मालक. उपासात खोट असंल."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मालक म्हणाले, "मैनी, पुढे ये. दिव्यावर हात धर आणि सांग."

देवीपुढच्या दिव्यावर हात धरून कुणी खोटं बोललं तर हात झडतो, असं आमच्याकडे समजत. मला हाताची भीती नव्हती, मला खोटं बोलायचंच नव्हतं. मी हात धरला आणि म्हटलं, "खाल्लं मी."

"काय?" मालक ओरडले. "कधी?"

"माघापासून. दर मंगयवारी."

"काय खाल्लंस?"

"भाकर. ठेचा. एकडाव सुकट."

गाव हादरलं. लढाई थांबली म्हणून जितकं हादरलं नव्हतं तितकं सुकटीने हादरलं. एक म्हातारी तर मटकन खाली बसली. गुरवाचा चेहरा मात्र उजळला. "शेट," त्याने लालजीशेटला विचारलं, "तिकडं हारनाऱ्या बाजूचं बिनसलं कधीपासून?"

लालजीशेट बोटांवर महिने मोजत आठवू लागला. "माघ... हो, माघातच त्यांची बंदरं गेली हातची." मग तो माझ्याकडे बघू लागला. त्याचे डोळे विस्फारले होते.

"घ्या!" गुरव म्हणाला. "पोरीनं इकडं भाकर खाल्ली, तिकडं बंदर पडलं. देवीची पोच समुद्रापलीकडंही हाय, हे तरी समजलं." त्या दिवसापासून जाखमातेचा लौकिक जो वाढला तो आजतागायत आहे.

देशमुखांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "चालती हो!" ते ओरडले. "आत्ताच्या आत्ता चालती हो. पुन्हा गढीची पायरी चढलीस तर तंगडी मोडीन."

माझं डोकं कधी नव्हे इतकं स्वच्छ होतं. मी विचारलं, "मालक, म्हंजे मी आता तुमची नाही?"

"तू? माझी? तुझी सावलीसुद्धा नको मला!"

"मंग आंदनात?"

"असली अवदसा आंदणात देऊन व्याह्याचं घर बुडवू?"

"मंग गावासमोर सांगून टाका, मालक. नाही तर उद्या तुमीच म्हनसान, मैनी पयून गेली."

रागाच्या भरात माणसाला कळत नाही. देशमुख देवळाच्या पायरीवर चढले आणि खड्या आवाजात म्हणाले, "सगळ्यांनी ऐका. या मैनीचा आणि देशमुखांच्या घराचा आजपासून संबंध नाही. ती जगो, मरो, कुठेही जावो." पाटलाने मान डोलावली. गुरवाने घंटा वाजवली. झालं. तिकडे त्या लोकांना केवढी लढाई करावी लागली, आणि माझं काम एका सुकटीवर भागलं.

गोजरा आईसाहेबांच्या मागे उभी होती. ती एकदम रडायला लागली. "मैने, मग माझ्यासोबत कोण येईल?"

"गाय येईल की," मी म्हटलं. तिला हसवायला म्हटलं होतं. पण ती हसली नाही आणि मलाही ते लागलं.

मग मी मायकडे पाहिलं. आपण काय केलं ते मला तेव्हा कळलं. आंदणात गेले असते तर माय इथे आणि मी बऱ्हाणपुराकडे. आता माय इथे आणि मी रस्त्यावर. ताटातूट ती ताटातूटच. माझ्या हुशारीने मी ती फक्त महिनाभर अलीकडे ओढली होती. मी तिथेच उभी राहिले. देशमुख म्हणाले, "गेली नाहीस अजून?"

तेवढ्यात बायांच्या रांगेतून माय पुढे आली. पदर डोक्यावरून नीट घेतला, हळूहळू चालत दिव्याजवळ गेली आणि ज्योतीवर हात धरला. ज्योत तळव्याला टेकली, तरी तिने तो काढला नाही.

"मालक," ती म्हणाली, "शुक्रवारचाही मोडला हाय."

"भागी?" आईसाहेब किंचाळल्या. "तू?"

"पयल्या शुक्रवारापासून."

कुणाचाच विश्वास बसेना. भागी म्हणजे जिच्या पुण्यावर आईसाहेबांचं नाव झालेलं. गुरवाने डोळे बारीक करून विचारलं, "काय खात होतीस तू?"

माय गप्प झाली. मी तिला ओळखते, ती विचार करत होती. मग म्हणाली, "पुरनाची पोई."

"आमच्या ताटातली?" आईसाहेबांच्या तोंडाचा आ झाला. एवढी वर्षं पुरणपोळ्या मोजून घेतल्या नाहीत याचं दुःख त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. "मेले! हिलाही हाकला. मायलेकी दोघींना हाकला!"

देशमुखांनी पुन्हा पायरीवर चढून तीच घोषणा केली. पाटलाने पुन्हा मान डोलावली. घंटा मात्र गुरवाने या वेळी वाजवली नाही. तो मायकडे टक लावून पाहत होता. ती त्याच्या समोरून गेली तेव्हा म्हाताऱ्याने हात जोडले. कुणाला जोडले, देवीला की हिला, ते मला तेव्हा उमगलं नाही.

मी चालता चालता हसत सुटले होते. "माय, तू? तू चोरून पुरनपोई खात होतीस? आन् मले सांगत होतीस, देवीशी खेयू नको!" माय म्हणाली, "पुढं पाय. ठेचशील."

नांदुऱ्याकडे तेव्हा आगगाडीच्या भरावाचं काम चाललं होतं. पाट्या वाहायला बाया हव्या होत्या. तिथल्या कारकुनाने नावं विचारली.

"भागी."

"कोणाची भागी?"

माय माझ्याकडे बघून पुन्हा त्याच्याकडे वळली. "कोनाचीच नाही," ती म्हणाली. आणि मग जरा थांबून, "इची माय. भागाबाई लिवा."

आम्ही भरावाच्या कडेला तीन दगडांची चूल मांडली, वर पळसाच्या फांद्यांचं छप्पर घातलं. काही दिवसांनी इसाकभाई भेटला. कापूस थंड पडला म्हणून तोही तिथे मुकादमीवर आला होता. मला बघून त्याने कपाळावर हात मारला. खरी हकिगत ऐकल्यावर तर तो हसून हसून मातीत बसला. मग त्याने मुंबईत ऐकलेली बातमी सांगितली. तिकडे सुटलेली माणसं रस्त्याने चालत निघाली होती. कुणी आईला शोधायला, कुणी पोराला. गावोगाव विचारत होती, नावाने हाका मारत होती.

माय भाकरी थापता थापता थांबली. "सापडतीन का?"

"काही सापडतील, काही नाय," इसाकभाई म्हणाला.

तो गेल्यावर मायने भाकरी माझ्यापुढे ठेवली आणि स्वतः तवा उतरवून हात झटकले.

"तुही भाकर?"

"आज शुक्रवार हाय."

मी हसले. "आता कोनाचा उपास व? लढाई सरली."

"सवय हाय. शुक्रवारचा घास घशाखाली उतर..." ती बोलता बोलता एकदम थांबली आणि उगाचच चुलीत लाकूड सारू लागली.

माझा हात भाकरीवर तसाच राहिला. "माय, तू तं पयल्या शुक्रवारापासून खात होतीस ना? पुरनाची पोई?"

मी पुन्हा विचारलं.

"पुरनाची पोई केली लय," शेवटी ती म्हणाली. "खाल्ली नाही कधी. तेवढीच आठोली त्या वक्ताले."

मी तिच्या हाताकडे पाहिलं. तळव्यावर दिव्याचा चट्टा होता, अजून लाल. देवीला भिऊन दगडापुढेही थांबणारी माझी माय, त्या दिव्यावर हात धरून खोटं बोलली होती. मी तिच्या मांडीत डोकं घातलं आणि लहान पोरीसारखी ओक्साबोक्शी रडले.

"उगी," ती म्हणाली. "देवीचं न् माहं काय हाय ते आमी पाहून घेऊ. तू जेव."

पुढच्या शुक्रवारी मी बाजारातून डाळ-गूळ आणला. पाटा इसाकभाईने कुठून तरी मिळवून दिला. पुरण मी वाटलं, मायला हात लावू दिला नाही. ती शेजारी बसून खोड काढत होती, जाड वाटलंस, गूळ कमी टाकलास. पोळी फाटली, करपली, तरी तिच्या पुढ्यात ठेवली. मायने टेकडीच्या दिशेने हात जोडले, तुकडा मोडला आणि तोंडात घातला. सावकाश चावला. मी तिच्या तोंडाकडे बघत होते.

"कशी झाली?"

"एवढ्यासाठी खोटं बोलली व मी?" माय म्हणाली, आणि दुसरी पोळी ओढून घेतली.